ज्याचा प्रश्न, त्याने आधी बोलावं

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राची ही चौथी प्रत होती. पहिलीवर चहा सांडला. दुसरीने बाबांनी चष्मा पुसला. तिसरी पाळकसाहेबांनी, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, चर्चच्या पाळकाने, प्रार्थना करताना दोन्ही तळव्यांत धरली आणि घामाने तिची पार रया गेली. चौथी प्रत आणायला सून खाली गेली तेव्हा रुग्णालयाच्या खिडकीतल्या कारकुनाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. एका शाळेची मुख्याध्यापिका असलेल्या बाईकडे असं पाहायची सहसा कुणाची छाती होत नसे. आज तिने ते निमूट गिळलं.

"आता ही मी कुणाच्याही हातात देणार नाही," खोलीत येता येता तिने जाहीर केलं आणि कागद फायलीत घालून फाईल काखेत धरली.

खोलीत कुणी मान वर केली नाही. बैठक चालू होती. पाच दिवस चालूच होती.

आजोबांनी कृत्रिम हातापायांचा कारखाना काढला, त्याच वर्षी घराला हा नियम घालून दिला होता. मोठा प्रश्न आला की सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, प्रार्थना करायची आणि गप्प राहायचं. ज्याचा प्रश्न असेल त्याने आधी बोलायचं. तोवर कुणी सल्ला द्यायचा नाही, मन वळवायचं नाही, मुद्दाम खाकरायचंसुद्धा नाही. देवाला बोलायला जागा ठेवायची, असं आजोबा म्हणत. नियम चांगला होता, हे सूनही कबूल करायची. त्या नियमामुळे घरातली दोन लग्नं मोडता मोडता वाचली होती आणि एक व्हायचं ते वेळेवर टळलं होतं. पण तेव्हा पलंगावर पडलेल्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला नव्हता.

सर्जनबाई सकाळी नऊला येऊन गेल्या होत्या. वयाने सुनेच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकांएवढ्याच, पण बोलणं एकदम रोखठोक. पट्टी सोडून त्यांनी पाय पाहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मंगळवारी मी म्हटलं होतं, गुडघ्याखाली कापू. आज शनिवार आहे. लाली नडगीवर निम्म्यापर्यंत चढली आहे. आज दोनपर्यंत मला होकार मिळाला तर गुडघा वाचवायचा प्रयत्न करता येईल. त्यानंतर मी गुडघ्याची खात्री देत नाही. आणखी दोन दिवसांनी तुमचीच खात्री देणार नाही."

"मी देवाच्या मार्गदर्शनाची वाट पाहतोय," बाबा म्हणाले.

"अवश्य पाहा. दोनपर्यंत," असं म्हणून त्या गेल्या.

आता साडेअकरा झाले होते. बाबा डोळे मिटून पडले होते. आई खुर्चीत बसून त्याच एका टॉवेलची घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. आणि नणंद, जिला सगळं घर लहानपणापासून भिंगरी म्हणायचं, ती खिडकीपाशी उभी राहून चौकटीवर नखाने टकटक करत होती. कारखान्यात प्लास्टरचे साचे तीच काढायची, त्यामुळे तिच्या नखांत कायम पांढरी रेघ असायची.

"भिंगरी, टकटक," पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणाले.

"ऐकू येतंय ना तुला? मग देवालाही येत असेल," भिंगरी म्हणाली आणि दार आपटून बाहेर गेली.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "जा तिच्यामागे. आणि येताना काहीतरी ठरवून या. मला नऊशे मुलं सांभाळता येतात, तुमची चार माणसं नाही सांभाळता येत."

पाळकसाहेब उठले. खरं तर त्यांना बाहेर जायचं निमित्तच हवं होतं.

बहीण जिन्याच्या पायरीवर बसली होती. ते तिच्याशेजारी बसले. वर-खाली करणाऱ्या माणसांना वाट देण्यासाठी दोघांनाही सारखं अंग चोरावं लागत होतं.

"तू त्यांना सांगू शकतोस," भिंगरी म्हणाली. "मी सांगितलं तर मी उतावळी. वहिनीने सांगितलं तर ती बाहेरून आलेली. तू पाळक आहेस. तुझं ऐकतील."

"काय सांगू?"

"हेच की, बाबा, पुरे झालं, सही करा."

"आणि ते म्हणाले, देवाने तुला तसं सांगितलं का, तर?"

"मग हो म्हण."

"ते खोटं होईल."

भिंगरीने डोक्याला हात लावला. "दादा, मला एकदा नीट समजावून सांग. तुम्ही लोक थांबता म्हणजे नक्की काय करता? मीही त्याच देवळात वाढले, तीच प्रार्थना म्हणते. पण मला आजवर कुणी हे सांगितलेलं नाही की थांबायचं कशासाठी."

पाळकसाहेबांनी क्षणभर विचार केला. व्यासपीठावर याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. जिन्यावर, स्वतःच्या बहिणीपुढे, ते तसं म्हणवेना.

"कारण आपली घाई आपण देवाच्या तोंडी घालतो," ते शेवटी म्हणाले. "शास्त्रात तो राजा आहे ना, त्याला संदेष्ट्याने सांगितलं होतं, सात दिवस थांब, मी येईन, मग यज्ञ करू. सातव्या दिवशी शत्रू समोर, सैन्य पळायला लागलेलं. त्याचा धीर सुटला आणि त्याने स्वतःच यज्ञ केला. तो उरकतो न उरकतो तोच संदेष्टा आला. थोडक्यासाठी राज्य गेलं त्याचं. त्याने केलं ते धर्माचंच होतं, भिंगरी. चुकीचं काही नव्हतं. फक्त ज्याच्यासाठी केलं, त्याच्यावर भरवसा नव्हता."

"ती गोष्ट मला माहितेय."

"मग माझी पण माहितेय तुला."

 दादाची गोष्ट घरात कुणी काढत नसे. बाविसाव्या वर्षी दादाने जेवताना जाहीर केलं होतं की देवाने त्याला दूरच्या सेवाकार्यासाठी बोलावलंय, आणि सोमवारी तो निघूनही गेला. कुणाला विचारलं नाही, बैठक नाही, काही नाही. आठ महिन्यांनी परत आला तो अर्धा होऊन. तिथे त्याची कुणाला गरज नव्हती आणि त्यालाही तिथलं काही झेपलं नव्हतं. परत आल्यावर त्याला दिसलं की कारखान्यातली त्याची बसायची जागा तशीच ठेवलेली होती. आठ महिने बाबांनी तिथे दुसऱ्याला बसू दिलं नव्हतं. एका शब्दाने त्यांनी त्याला काही विचारलं नाही. चार दिवसांनी नुसतं म्हणाले, "कानशीची धार गेलीय, नवी काढ."

"मी पाळक झालो ते त्यानंतर आठ वर्षांनी," ते म्हणाले. "बाबांनी कधी घाई केली नाही. देवही आपल्यासाठी असाच थांबतो, हे मला पुस्तकात नाही कळलं, बाबांकडे पाहून कळलं. आता त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमचं थांबणं चुकतंय?"

भिंगरीला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला. "म्हणजे तू त्यांचे उपकार फेडतोयस. त्यांच्या पायाने."

 पाळकसाहेबांना हे वाक्य लागलं, कारण गेले पाच दिवस ते स्वतःला अगदी हेच विचारायचं टाळत होते.

"दादा, माझं ऐक. रोज माझ्याकडे माणसं येतात. गुडघा असलेला माणूस सहा महिन्यांत जिना चढतो. गुडघा नसला की त्याच वयाचा माणूस घराबाहेर पडायचा कंटाळा करतो, मग खुर्ची धरतो, मग अंथरूण धरतो. बाबांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहितेय. पन्नास वर्षं त्यांनी दुसरं काय केलं? आणि तरी ते डोळे मिटून पडलेत. मला तर वाटतं, ते प्रार्थना करतच नाहीयेत."

"असं बोलू नकोस."

"मग काय बोलू? सव्वाबारा झाले."

ते दोघं परत खोलीत आले तेव्हा सून एका हाताने बाबांच्या तोंडात औषध घालत होती आणि दुसऱ्या काखेत फाईल तशीच होती. नर्स ताप पाहून गेली होती. ताप वाढला होता. लालीच्या कडेने सकाळी सर्जनबाईंनी पेनाने खूण केली होती. सुनेने चादर बाजूला केली आणि न बोलता नवऱ्याला दाखवलं. लाली खुणेच्या दोन बोटं वर गेली होती.

"बसू या," पाळकसाहेब म्हणाले. "शेवटचं एकदा."

सगळे बसले. त्यांनी छोटी प्रार्थना केली. मग शांतता झाली. बाहेरून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता, कुणीतरी फोनवर गाडी कुठे लावली ते सांगत होतं. साडेबारा झाले, एक झाला. सून मनातल्या मनात सहावीच्या वेळापत्रकातला गणिताचा तास हलवून पाहत होती, नाहीतर तिने किंचाळून रुग्णालय डोक्यावर घेतलं असतं. आईने टॉवेलची घडी घातली. उलगडली. दीड वाजला.

भिंगरी उठून उभी राहिली.

"मी नियम मोडतेय," ती म्हणाली.

"खाली बस," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

"बसत नाही. कारखान्यात माणूस येतो, त्याला उद्याच पाय हवा असतो. तुम्ही काय सांगता? सूज उतरू दे, जखम भरू दे, तीन महिने थांब. तो चिडतो, रडतो, तुम्ही हलत नाही. बरोबर करता. कारण तो थांबतो तेव्हा त्याच्या अंगात काहीतरी भरून येत असतं. सूज उतरेपर्यंत थांबायचं असतं, बाबा, पाय कुजेपर्यंत नाही. इथे काय भरून येतंय? मला दाखवा."

"मी देवाची वाट पाहतोय."

"आता देवाने काय करायचं बाकी ठेवलंय? सर्जन दिली. औषध दिलं. तुमच्याच हाताला पन्नास वर्षं हेच काम शिकवलं. आणखी काय, भिंतीवर लिहून दाखवू दे?"

"भिंगरी," पाळकसाहेब म्हणाले.

"तू गप्प बस, दादा."

"नाही, मी तिच्या बाजूने बोलतोय," पाळकसाहेब म्हणाले. ते बोलल्यावर त्यांनाच त्याचं आश्चर्य वाटलं. "बाबा, मलाही वाटतं की आता बोलायला हवं. तुमचा प्रश्न आहे. तुम्ही बोलल्याशिवाय कुणाला बोलता येत नाही."

बाबांनी डोळे उघडले. पाच दिवसांत पहिल्यांदाच ते रागावलेले दिसले.

"माझा प्रश्न? कापणं एका दुपारचं आहे. त्यानंतर मला उठवणार कोण? न्हाणीघरात नेणार कोण? पायाची पट्टी कोण बदलणार, खुर्ची कोण ढकलणार? तुम्ही दोघं चार दिवस याल आणि आपापल्या कामाला लागाल. तुमचं चुकणार नाही त्यात. पण राहणार ही." त्यांनी आईकडे बोट केलं. "हा प्रश्न हिचा आहे. मी मंगळवारपासून थांबलोय ते हिच्यासाठी. देव तिच्याशी काय बोलतो ते तिने सांगितलं की मी सही करणार होतो. ती एक अक्षर बोललेली नाही."

आईच्या हातातला टॉवेल थांबला.

"माझा?" ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"पाय तुमचा आहे."

"पण..."

"पाय तुमचा आहे," आई परत म्हणाली. "मी कशी बोलणार आधी? मंगळवारपासून मी तुमच्या तोंडाकडे पाहतेय. आता बोलतील, मग बोलतील. बाईंनी सांगितलं तेव्हाच माझं ठरलं होतं. कापू दे आणि माणूस राहू दे, एवढंच माझ्या मनात आलं. पण मी आधी म्हटलं असतं, तर उद्या पलंगावर पडल्या पडल्या तुम्हाला वाटलं असतं, हिनेच कापायला लावला."

"मी असं कधी म्हटलं असतं?"

"म्हटलं नसतं. मनात आलं असतं."

 सुनेने घड्याळ पाहिलं. दोनला सात मिनिटं होती. पाच दिवस हे सगळे देवाची वाट पाहत होते आणि प्रत्यक्षात हे दोघं एकमेकांची वाट पाहत बसले होते, आणि या घरातल्या एकानेही, स्वतः तिनेसुद्धा, सासूबाईंना साधं विचारलं नव्हतं की तुम्हाला काय वाटतं. तिला इतका संताप आला की क्षणभर हसूच आलं. तिने फाईल उघडली, चौथी प्रत काढली आणि बाबांच्या पोटावर ठेवली.

"पेन," बाबा म्हणाले.

त्यांनी सही केली. पाळकसाहेब कागद घेऊन धावत खाली गेले. त्यांना धावताना पाहून भिंगरीला लहानपणानंतर पहिल्यांदाच वाटलं की तो आपलाच भाऊ आहे.

सर्जनबाई आल्या, त्यांनी लाली पाहिली, बोटाने दाबून पाहिली. कुणावर चिडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "दोन्हीसाठी संमती आहे ना यात?" एवढंच त्यांनी विचारलं. "गुडघ्याखाली किंवा वर. आत गेल्यावर कळेल."

"आहे," सून म्हणाली. तिने ते आधीच लिहून ठेवलं होतं.

साडेपाचला सर्जनबाई बाहेर आल्या. बाकावर चौघंही ओळीने बसले होते. बाबांच्या जिवाचा धोका टळला होता. गुडघा गेला होता.

"मंगळवारी केलं असतं तर?" भिंगरीने विचारलं.

सर्जनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी राहिला असता. बहुतेक गुरुवारीसुद्धा," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर येतायत. कुणीतरी एकाने आत जा आणि सांगा."

भिंगरी उठायला लागली. पाळकसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "मी जातो," ते म्हणाले. "थांबण्याच्या बाजूने मी होतो."

आत बाबा जागे होते. तोंड कोरडं पडलेलं, पण नजर स्वच्छ होती. सांगायची वेळच आली नाही. चादरीखालचा उंचवटा कुठे संपतो, ते त्यांनी आधीच पाहिलं होतं. पन्नास वर्षं ज्याने तेच पाहून मापं घेतली, त्याला आणखी कुणी काय सांगणार होतं?

"गुडघ्यावरून गेला," बाबा म्हणाले.

"हो."

"तीन बोटं कमी कापायला हवा होता. असू दे. बाईंनी त्यांचं काम नीट केलंय."

पाळकसाहेबांना रडू आवरेना. ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलासारखे बाही डोळ्यांना लावून रडले. बाबांनी त्यांना रडू दिलं.

"बाबा, मी तुमच्या बाजूने राहिलो. मला वाटलं, तुमचा विश्वास..."

"माझा विश्वास," बाबा म्हणाले आणि कंटाळल्यासारखी मान हलवली. "ऐक. आता हे देवाच्या माथी मारू नकोस, आणि थांबण्याच्याही मारू नकोस. थांबणं खरं आहे. पण उत्तर आलं नसेल तोवर. मला मंगळवारीच उत्तर मिळालं होतं. बाई बोलत होत्या तेव्हाच मनात स्वच्छ आलं की हेच करायचं. मी म्हटलं, तुझ्या आईला विचारलं नाही, अजून थोडं थांबू. खरं सांगू? मला भीती वाटत होती. मी किती जणांना पहिल्या दिवशी नव्या पायावर उभं केलंय. त्यांचे चेहरे मला माहीत आहेत. मला वाटलं, थांबलो तर देव आणखी काहीतरी वेगळं म्हणेल."

"मग ते बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर करावं लागलं असतं."

पाळकसाहेबांनी नाक पुसलं. आजवर वाट पाहण्यावर त्यांनी तीसेक तरी प्रवचनं दिली होती. त्यातल्या एकातही हे नव्हतं.

"तुझी बहीण माझ्यावर ओरडली," बाबा म्हणाले. "तुझी बायको चार कागद घेऊन फिरली. त्यांना माझा गुडघा वाचवायचा होता. तू माझी श्रद्धा वाचवायला निघालास. ती तुला वाचवायची गरज नव्हती, बाळा."

"हो, बाबा."

"उद्या रविवार आहे. हे लोकांना सांग. माझं आहे म्हणूनच सांग, कुणीतरी एक वृद्ध गृहस्थ म्हणून नको."

"सांगेन."

"बरं. आता तुझ्या आईला आत पाठव. आणि तिला म्हणावं, आजोबांचा नियम राहू दे बाजूला. आधी तिने बोलायचं."

पाळकसाहेब बाहेर आले आणि आईला निरोप दिला, शब्दाला शब्द. आई उठली. टॉवेल तिने सुनेच्या मांडीवर ठेवला, पदर नीट केला आणि आत गेली. दार पूर्ण लागलं नव्हतं. लावायला कुणी उठलं नाही.

 आतून आईचा आवाज आला. एकावन्न वर्षांच्या संसारात तो सूर या तिघांपैकी कुणीही ऐकलेला नव्हता.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," आई म्हणत होती. "आणि मी आता बोलणार आहे. सगळं बोलून होईपर्यंत तुम्ही प्रार्थना करायची नाही."